मिशीसकट

रविवारी सकाळी मी न्हाणीतून डोकं पुसत बाहेर आलो आणि मला बघून आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. एवढंच घडलं. ती पलंगावर बसली होती, हातात चहाची बशी होती, टीव्हीवर कुणीतरी आठवड्याचं भविष्य सांगत होतं. तिने बशी खाली ठेवली, भिंतीला धरून उभी राहिली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि चौकटीच्या आड अर्धं अंग घेऊन खालच्या आवाजात म्हणाली, “पानी आनू का?” आई दोन वर्षांपासून माणसं नीट ओळखत नाही. मला कधी माझ्या नावाने अंगद म्हणते, कधी स्वतःचा भाऊ समजते, एकदा तर मला कंडक्टर समजून तिने केजचं तिकीट मागितलं होतं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे, बीडच्या स्थानकावर काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारतो, त्यामुळे त्या दिवशी घरात बरंच हसणं झालं होतं. पण भाऊ असो की कंडक्टर, आजवर मी तिला ‘अरे’मधलाच होतो. रविवारी तिने मला कसलीच हाक मारली नाही. तिच्या पिढीतल्या बायका ज्या एकाच माणसाशी हाक न मारता बोलत, त्याच्याशी बोलावं तशी ती बोलली. माझ्या मागे भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो होता. वळून बघायची मला गरज नव्हती. मी चोपन्न वर्षांचा आहे, केस चाळिशीतच पांढरे झाले, आणि त्या पहाटे मी ते आयुष्यात पहिल्यांदा काळे केले होते. मिशीसकट.

काळ्या मेहंदीची पुडी मी गुरुवारीच आणून ठेवली होती. गल्लीतल्या दुकानातून नाही, तिथला माणूस माझं डोकं रोज बघतो. बशीरगंजात अनोळखी दुकान गाठलं, आधी साबण मागितला, मग दाढीचं पातं, आणि मग एकदम आठवल्यासारखं करून म्हणालो, “आन् ती एक पुडी द्या.” “कोणती?” असं तो गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मोठ्याने म्हणाला, तेव्हा मला ती बोटाने दाखवावी लागली. रविवारी पाचला उठलो. दह्याच्या रिकाम्या डबीत पावडर कालवली, पुण्याला शिकायला असलेल्या आरोहीचा टाकून दिलेला टूथब्रश घेतला आणि आरशासमोर उभा राहून भिंत रंगवावी तसं डोकं रंगवलं. अर्धा तास थांबायचं होतं. त्या अर्ध्या तासात न्हाणीतल्या पालथ्या बादलीवर बसून मी स्वतःला बजावत होतो की यात काही वावगं नाही, सगळं जग करतं, सरपंच करतात, डॉक्टर करतात, लग्नात नवरदेवाचा बाप तर करतोच करतो. ज्या गोष्टीत वावगं नसतं ती माणूस पहाटे पाचला कडी लावून करत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. सत्यशीला उठली, तिने माझ्याकडे पाहिलं, गॅसकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, “कानाला लागलंय.” माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चूक दाखवायची तिची पद्धत तीच आहे, एक वाक्य बोलायचं आणि पुढच्या बाकाकडे जायचं.

हे सगळं वनमालेसाठी होतं. सांगून टाकतो, कारण लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. नांदूरघाटच्या शाळेतल्या आमच्या दहावीच्या वर्गाचा त्या दिवशी स्नेहमेळावा होता, आणि ग्रुपवर वनमालेने टाकलं होतं, “सगळे या, बघू कोण किती म्हातारं झालंय.” नांदूरघाटला आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. त्या भिंतीपलीकडे तिच्या काकणांचा आवाज आला की माझं गणित चुकायचं. त्या वयात जे असतं तेवढंच होतं, आणि सदतीस वर्षांनी तेवढ्यासाठी मी डोक्याला काळं फासलं. आई चौकटीआड उभी होती, सत्यशीला तिला पलंगाकडे नेत होती, आणि मी इस्त्रीचा शर्ट घालत होतो. गुंड्या लावताना मी आईकडे एकदा बघितलं. पण मेळाव्याची वेळ झाली होती आणि मी गेलो.

गेलो तर दारातच प्रत्येकाला फेटा बांधत होते. आयोजकांनी मोठ्या हौसेने केजहून फेटे बांधणारा आणवला होता. शेहेचाळीस पोरं, म्हणजे आता बापे, एका रंगाच्या फेट्यात, कुणाचं टक्कल आहे, कुणाचं पांढरं, कुणाचं काळं, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. माझी पाचची पहाट त्या फेट्याखाली गेली. दिसत होती ती फक्त मिशी. “बापावर गेलास बे तू,” असं राधाकिशन म्हणाला. तो आमच्याच डेपोत ड्रायव्हर आहे, मला रोज पांढऱ्या केसांत बघतो, तरी म्हणाला. वनमाला आली आणि दोन पावलांवर थबकली. तिच्या केसांत कपाळापासून पांढरा पट्टा होता आणि तिने तो झाकलेला नव्हता. “अगं बाई,” ती म्हणाली, “मला वाटलं मास्तरच आले.” माझे वडील गावचे पोस्टमास्तर होते. धोंडीराम मास्तर म्हटलं की चार गावांत लोक बसल्या जागी सावरून बसायचे. मी हसलो. पंगतीत ती शेजारच्या पाटावर बसली आणि आईची चौकशी करू लागली. मी सांगितलं, आता काही लक्षात राहत नाही तिच्या, सगळं विसरली. “सगळं?” तिने विचारलं. “बरंय मग.” आणि थोड्या वेळाने, ताटातली बुंदी चिवडत, “तुमच्याकडं संध्याकाळचा रेडिओ लई मोठा लागायचा. तो लागला की आमची आई हातातलं काम टाकून भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. मी इचारायची, कावून उभी हायस, तर म्हनायची, काय न्हाई, बातम्या आयकते.” मी म्हणालो, वडिलांना बातम्यांचा नाद होता. तिने माझ्या मिशीकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागली. तिला माझ्याशी आणखी बोलायचं असेल असं मला वाटत होतं. ती ताट संपवून हात धुवायला उठली.

वडिलांना बातम्यांचा नाद होता, हे वाक्य मी किती वर्षं वापरतो आहे कुणास ठाऊक. तसंच दुसरं वाक्य म्हणजे, आमचे वडील शिस्तीचे होते. तिसरं म्हणजे, आईचा डावा कान टायफॉइडमध्ये गेला. हे मी डॉक्टरांना सांगितलं आहे, सत्यशीलाला सांगितलं आहे, आरोहीने शाळेत आजीवर निबंध लिहिला तेव्हा तिलाही सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज गाड्या पुकारताना असतो तसा स्वच्छ असतो. वडील पोस्ट बंद करून घरी आले, त्यांनी चपला कुठे काढल्या, दाराशी की थेट आत येऊन, यावरून आईला काय कळायचं ते कळायचं. मग ती माझ्या मुठीत नाणं ठेवायची आणि म्हणायची, “जा, तंबाखूची पुडी आन. सावकाश ये.” सावकाश ये हे ती खरोखर म्हणायची, की मी नंतर माझ्या सोयीने जोडलं, हे आता मला सांगता येत नाही. दुकान चार घरांवर होतं. मला पाऊण तास लागायचा. पुडी पहिल्या पाच मिनिटांत खिशात असायची, मग मी मारुतीच्या पारावर पाय हलवत बसायचो. तिथून आमचा रेडिओ ऐकू यायचा. पिकांचे भाव, धरणातलं पाणी, मंत्र्यांचे दौरे, हे सगळं मला पाठ व्हायचं. रेडिओ बंद झाला की मी उठायचो. घरात आई भाकरी थापत असायची, तोंड चुलीकडे. वडील माझ्या डोक्यावरून हात फिरवून पुडी घ्यायचे आणि शाळेत काय शिकवलं ते विचारायचे. मला ते आवडायचे. हे लिहायला लाज वाटते, पण मला ते फार आवडायचे. मी एकोणीस वर्षांचा असताना पोस्टाच्या खुर्चीतच त्यांचं हृदय बंद पडलं. केसांत एक पांढरी काडी नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. भिंतीवरच्या फोटोत ते आता माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत.

मेळाव्याहून आलो तेव्हा आई झोपली होती, आणि मी मनाची समजूत घातली की सकाळी ती सगळं विसरलेली असेल. तिचं तेच एक बरं असतं. पण सोमवारी मी खोलीत गेलो आणि ती उठून उभी राहिली. मंगळवारी उभी राहिली. मी घरात आहे तोवर आई बसेना. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, दोन्ही गुडघे सुजलेले, चौकटीला धरून तासन् तास उभी. बस म्हटलं की “हाय बरी, हाय बरी” म्हणायची आणि उभीच. तिच्यापुढे ताट ठेवलं तर ती ते माझ्याकडे सरकवायची. मी तिच्यासमोर पटापट चार घास खाऊन दाखवले, झालं माझं, आता तू जेव म्हणालो, तर म्हणाली, “तुमी पडा जरा. मंग जेवते.” मी पडलो, डोळे मिटले. ती भिंतीशी उभी राहून माझा श्वास ऐकत होती. सकाळी आईकडे मी बघतो आणि दुपारची पाळी करतो, कारण सत्यशीलाची शाळा दहाची असते; मधल्या वेळात शेजारची बाई येऊन बसते. त्यामुळे रोज सकाळचे चार तास आम्ही दोघं त्या घरात असे होतो. बुधवारी तिचा पाय लटपटला आणि ती दाराच्या कडीला लोंबकळली. डॉक्टरांनी मागेच बजावून ठेवलं होतं, या वयात खुब्याचं हाड मोडलं तर बाई पुन्हा उठायची नाही. रात्री सत्यशीला म्हणाली, “तुमी नसताना चांगल्या बसतात. माझ्याशी बोलतात. तुमची पायताणं वाजली की उठतात.” मग म्हणाली, “थोडे दिवस भाईरच जेवा तुमी.”

कानाचंही बुधवारीच कळलं. वरच्या फळीवरचा गोळ्यांचा डबा घ्यायला मी हात उंच केला, आणि आईने डाव्या कानावर तळहात दाबून धरला, डोळे घट्ट मिटले आणि मान खांद्यात घातली. हे करायला तिला क्षणही लागला नाही. ज्या बाईला कालचं जेवण आठवत नाही, लुगड्याचा काष्टा कसा घालायचा ते आठवत नाही, तिच्या हाताला ती जागा बरोबर माहीत होती. मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. टायफॉइड, मी मनात म्हणालो. सवयीने म्हणालो.

आता जे सांगायचं ते मी सत्यशीलालाही सांगितलेलं नाही. केस काळे करायच्या महिनाभर आधी आईने एका सकाळी तीनदा गॅस उघडा सोडला. तिसऱ्या वेळी मी तिचं मनगट धरलं आणि तिला हलवलं. झाडाची फांदी हलवावी तसं हलवलं. “मारायचंय का आमाला सगळ्यांना?” असं ओरडलो. शेजारी ऐकतील म्हणून ओरडण्याआधी मी काय केलं, तर टीव्हीचा आवाज वाढवला. हे माझ्या हाताने केलं, मी ठरवलेलं नव्हतं. तिच्या मनगटावर दोन बोटांचे निळे वण चार दिवस होते. बांगडी रुतली असेल, मी सत्यशीलाला म्हणालो. तेव्हा माझे केस पांढरे होते. म्हणून बुधवारी रात्री मला जे हवं होतं ते नुसतं आईने बसावं एवढंच नव्हतं. ती कुणाला भिते, वडिलांना की मला, हे मला कळायला हवं होतं. केस पूर्वीसारखे झाले आणि आई बसली, तर भीती त्यांची होती, माझ्या डोक्यावर फक्त त्यांचा रंग होता. केस पूर्वीसारखे होऊनही नाही बसली, तर मग काय, याचा विचार मी पुरा करत नव्हतो. पहिलं तर पहिलं, रंग उतरवायचा.

लावायला अर्धा तास लागला होता, उतरवायला तीन दिवस गेले आणि उतरला नाही. आरोहीला फोन केला. ती आधी भरपूर हसली आणि मग मी हसत नाही हे लक्षात आल्यावर एकदम शहाण्यासारखी बोलू लागली. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटा, शाम्पूत कालवा, तासभर ठेवा. मी खलबत्त्यात वीस गोळ्या कुटल्या. आई चौकटीतून म्हणाली, “मी कुटू का?” गुरुवारी खायचा सोडा लावला, शुक्रवारी लिंबू, शनिवारी चिडून कपड्यांचा साबण. डोकं सोलल्यासारखं झालं, उशी तपकिरी झाली, आणि केस काळ्याचे तांबूस झाले, मधूनच काकवीच्या रंगाचे. मिशी तर शेवाळ आल्यासारखी दिसत होती. मुळाशी पांढरं फुटायला लागलं होतं, पण ते पुरं व्हायला दोन महिने तरी लागणार. डेपोत कुणी काही बोलत नव्हतं, म्हणजे सगळे बोलत होते. मी काचेच्या खोलीत टोपी घालून बसलो आणि नांदूरघाटकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागल्याचं सांगितलं. स्थानकभर माझा आवाज पसरला. आवाज पण वडिलांचाच आहे, माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

दुसऱ्या रविवारी सकाळी सत्यशीला घरी होती, म्हणून मी गुफरानकडे गेलो. स्थानकाच्या भिंतीलगत त्याचं केशकर्तनालय आहे, त्याच्या वडिलांपासून मी तिथेच जातो. खुर्चीत बसलो आणि म्हणालो, “सगळं काढ. वस्तरा मार.” गुफरानने माझ्याकडे बघितलं. मोबाईलवर गाणं चाललं होतं ते बंद केलं. नवा पंचा काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळला, आणि एरवी दहा गावच्या दहा गोष्टी सांगणारा तो पोरगा एक शब्द न बोलता काम करू लागला. मला बरंच वाटलं. डोकं उतरलं. मग तो वाकून, अगदी हळू म्हणाला, “मिशी बी काढायची ना, काका?” “मिशी बी,” मी म्हणालो. अर्धी मिशी गेली होती तेव्हा तो म्हणाला, “अल्ला सबर देवो. कवा झालं?”

मी आरशात पाहिलं. मुंडण केलेला, मिशी उतरवलेला माणूस. आमच्याकडे माणूस असा एकदाच किंवा दोनदाच दिसतो, बाप गेला की आणि आई गेली की. माझा बाप जाऊन पस्तीस वर्षं झालेली, हे गुफरानला माहीत होतं. मी स्वतः शंभर माणसांची अशी डोकी बघून हात जोडले आहेत, तरी खुर्चीत बसताना मला हे सुचलं नाही. रंग, रंग आणि रंग, एवढंच डोक्यात होतं. ‘अरे बाबा, आई ठणठणीत आहे, मी येड्यासारखा डाय लावला होता,’ एवढं म्हणायचं होतं. लाज वाटली. आणि माझ्या तोंडून निघालं, “चालायचंच.” त्याने उरलेली अर्धी मिशी काढली. पैसे घेतले नाहीत.

घर तिथून दहा मिनिटांवर आहे. मी घरी गेलो नाही. स्थानकाबाहेरच्या हॉटेलात जाऊन बसलो. हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून उभा राहिला, हात जोडले, न मागता चहा पाठवला. राधाकिशन गाडी लावून आला, मला बघितलं आणि जागीच थांबला. “कळवलं बी न्हाईस बे,” तो म्हणाला आणि मला मिठी मारली. “सुटल्या बिचाऱ्या. लई हाल झाले त्यांचे. तू बी सुटलास.” त्या शब्दासरशी माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. ते दुःख नव्हतं. मी त्याच्या खाकी खांद्यावर डोकं टेकून रडलो, खरंखुरं रडलो, आणि आई घरी जिवंत होती. राधाकिशन गाडी घेऊन नांदूरघाटकडे गेला. पाच मिनिटांत खिशातला फोन थरथरायला लागला. गाडी सुटायच्या आधीच त्याने ग्रुपवर टाकलं होतं, आपला वर्गमित्र अंगद यांच्या मातोश्री बायनाबाई यांचे दुःखद निधन. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी ‘आई बरी आहे’ असं टाइप केलं. मग खोडलं. मग पुन्हा टाइप केलं. पुढे काय लिहायचं, की बरी आहे, आणि मी मिशी का काढली? चहा आला, गेला. गाड्या लागल्या, सुटल्या, दुसरा कुणीतरी त्या पुकारत होता. ओळखीचे लोक येऊन खांद्यावर हात ठेवत होते आणि मी मान खाली घालत होतो. आणि मला तिथे बरं वाटत होतं. अकरा वाजून गेल्यावर सत्यशीलाचा फोन आला.

“कुठं हाय तुमी? लोकांचे फोन येतायत, आई गेल्या म्हणून. काय केलंय तुमी?”

“आई कुठं हाय?”

“उभ्या हायत. सकाळपासून. तुमी यायचे म्हणून बसतच न्हाईत. काय खाल्लं पण न्हाई.”

मी धावत गेलो, या वयात जेवढं धावता येतं तेवढं. सत्यशीला गेटमध्ये फोनवर कुणाला तरी समजावत होती, न्हाई हो, आई हायत, बऱ्या हायत. तिने माझं डोकं पाहिलं आणि फोन कानावरून खाली आणला. मी आत गेलो. आई चौकटीला धरून उभी होती, पाय कापत होते, पदर नाकापर्यंत ओढलेला. चाहूल लागताच तिने मान आणखी खाली घातली. मी हात पुढे केला, तिला धरायला. तिचा हात डाव्या कानाकडे निघाला. मग तिने वर पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. कानाकडे निघालेला हात अर्ध्यावर थांबला आणि माझ्या डोक्यावर आला, नुकत्याच भादरलेल्या कातडीवर पुढून मागे फिरला, आणि वरच्या ओठावर, जिथे मिशी असते तिथे, तिने अंगठा टेकवला.

“अंगद,” ती म्हणाली. “लई येळ लावलास रं.”

हात अर्ध्यापर्यंत गेला होता, हे मी पाहिलं होतं. तेवढा माझा वाटा असावा.

“कवा गेले?” आईने विचारलं.

कोण, असं मी विचारलं नाही. “सकाळी,” मी म्हणालो.

“तरास झाला का त्यान्ला?”

“न्हाई.”

“समदं झालं का? नेलं का?”

“झालं.”

आईने चौकट सोडली. मी धरलं, तिने धरू दिलं. ती पलंगावर बसली, गुडघे दोन्ही हातांनी एकेक करून सरळ केले आणि पाय लांब पसरले. पदर डोक्यावरून मागे टाकला. मग माझ्याकडे बघून, सत्यशीलाच्या कानावर जाऊ नये अशा बेताने, म्हणाली, “आता मानसं येतील. मला रडाया लागंल. तवर जेवून घेते. हाय का काय घरात?”

मी ताट वाढून आणलं. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, दही. ती खायला लागली. भाकरीचा तुकडा मोडत होती, कालवत होती, चावत होती, कुणाची वाट न बघता. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि गेटपासूनच हंबरडा ऐकू आला, “बायने गं, मला सोडून कशी गेलीस...” वनमालेची आई, कौशल्याबाई. ऐंशीच्या घरातली ती बाई लेकीचा हात धरून नांदूरघाटहून आली होती, आणि सत्यशीला आडवी होऊन काही सांगायच्या आत रडत-रडत उंबऱ्यापर्यंत पोचली. तिथे तिने आईला पाहिलं. हंबरडा तुटला. वनमाला तिच्या मागे होती. ती माझ्या डोक्याकडे बघत होती आणि मला जमिनीत जागा हवी होती.

“ये, कौसा,” आई घास गिळून म्हणाली. “हे गेले गं.”

मास्तर पस्तीस वर्षांपूर्वी गेले तेव्हा त्यांच्या मातीला कौशल्याबाई होती. तिने आईच्या पसरलेल्या पायांकडे पाहिलं, उघड्या डोक्याकडे, ताटाकडे. मग माझ्याकडे पाहिलं, सावकाश, वरपासून खालपर्यंत. पदराने डोळे पुसले.

“रडलीस का?” तिने आईला विचारलं.

“न्हाई अजून. जेवते आदी.”

“जेव,” कौशल्याबाई म्हणाली. ती कंबरेवर हात ठेवून वळली आणि आमच्या उंबऱ्याशी, भिंतीला पाठ लावून बसली. “पोटभर जेव. मी बसले हितं. कुनाला आत येऊ देत न्हाई.” आणि मग माझ्याकडे न बघता, “अंगद, तू बी भाईर थांब.”

मी बाहेर आलो. खिशात फोन थरथरत होता. सत्यशीला आणि वनमाला गेटपाशी उभ्या होत्या, दोघींनी मला वाट दिली. कोपऱ्यावर पानाचं दुकान आहे, त्याच्यापुढे पार आहे, तिथे सावली होती. आतून काही आवाज येत नव्हता, फक्त ताटावर वाटी सरकल्याचा आला. मी गेटला धरून उभा राहिलो. या वेळी त्याहून लांब गेलो नाही.